पॅटर्न समेवरच बदलायला हवा

एबलटन लाइव्ह या संगीताच्या सॉफ्टवेअरवर 16 मात्रांच्या तीनतालाचे लूप वाजवताना पुढचा पॅटर्न कधी पाचव्या, तर कधी नवव्या मात्रेवर शिरायचा. तबलजी तिहाई (तीनदा वाजवायचा बोल) घेऊन समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर येतोय आणि मागे ड्रम आधीच बदललेले! जीव कळवळायचा.

मी ग्लोबल क्वांटायझेशन, म्हणजे दाबलेली क्लिप (लूपचा तुकडा) कुठल्या टप्प्यावर सुरू होईल ते ठरवणारं सेटिंग, 1 बारवरच ठेवलं होतं. एक बीट म्हणजे एक मात्रा धरली, तर 4/4 चा बार 4 मात्रांचा आणि तालाचं पूर्ण आवर्तन 16 चं. मग ते सेटिंग 4 बार केलं. आता नवव्या मात्रेच्या खालीला क्लिप दाबली की बटण लुकलुकत थांबतं आणि बदल बरोबर समेवर पडतो. ही मोजणी 1.1.1, म्हणजे टाइमलाइनच्या अगदी सुरुवातीपासून होते, म्हणून पहिली सम तिथेच धरायची. 7 मात्रांच्या रूपक तालाला मात्र 7/4 लावून 1 बारच ठेवतो.