‘आवाज येतोय का?’ असं विचारण्याआधी

मी समुपदेशनाची सेशन ऑनलाइन घ्यायला लागले ती २०२० मध्ये, नाइलाज म्हणून. त्याआधी सात वर्षं समोरासमोर बसून काम केलं होतं. माणूस तोच, बोलणं तेच, मध्ये फक्त एक स्क्रीन आली, असं मी धरून चालले होते. तिसऱ्याच आठवड्यात एक क्लायंट वडिलांबद्दल बोलता बोलता थांबली. नजर खाली, चेहरा अगदी स्थिर. पाच-सहा सेकंद गेले आणि मी विचारलं, “माझा आवाज येतोय ना?” ती म्हणाली, “हो, येतोय,” आणि तिने विषय बदलला. वडिलांचा विषय पुन्हा निघायला दोन महिने लागले.

खोलीत असते तर त्या शांततेला मी हातही लावला नसता. तिचा श्वास ऐकू आला असता, बोटांची चाळवाचाळव दिसली असती, ती आत काहीतरी जुळवतेय हे कळलं असतं. स्क्रीनवर मला एवढंच कळलं की चित्र हलत नाहीये, आणि मी घाबरले. नव्याने ऑनलाइन काम सुरू करणाऱ्यांना मी पहिल्यांदा हीच गोष्ट सांगते, कारण या माध्यमातली सर्वांत मोठी अडचण मला त्या पाच सेकंदांत सापडली. खोली आपल्याला न मागता जे सांगायची, ते इथे विचारून घ्यावं लागतं, आणि कधी विचारायचं नाही हेही नव्याने शिकावं लागतं.

नेहमीच्या संभाषणात एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत साधारण ०.२ सेकंद जातात. नेटवर्कमुळे त्यात थोडीशी जरी भर पडली, तरी समोरचा थंड आहे, अडखळतोय किंवा त्याला आपलं पटलेलं नाही, असं वाटायला लागतं. त्यामुळे आता पहिल्याच सेशनमध्ये मी स्पष्ट सांगते, “मी गप्प असेन तेव्हा ऐकत असेन. तुम्हालाही हवा तेवढा वेळ घ्या. लाइन तुटली असं वाटलं तर मी चॅटमध्ये लिहीन, तुमचं बोलणं मध्येच तोडणार नाही.” एवढ्या तीन वाक्यांनी शांततेला जागा मिळते. शंका आलीच तर आधी माझ्या बाजूचं कनेक्शन बघते, क्लायंटच्या मागे पडदा किंवा पंखा हलतोय का ते बघते.

आवाजाबद्दल आणखी एक. बहुतेक व्हिडिओ कॉलच्या अ‍ॅपमध्ये आजूबाजूचा गोंगाट कापणारी सोय आपोआप चालू असते. ती बोलण्याचे शब्द ठेवते आणि बाकीचं गाळते. त्या बाकीच्यात उसासे असतात, दबका हुंदका असतो, बोलण्याआधी घेतलेला श्वास असतो. आपल्या कामाचा निम्मा ऐवज तिथेच असतो. शांत जागा असेल तर दोन्हीकडे ही सोय बंद किंवा कमी करून बघा आणि हेडफोन लावा, म्हणजे आवाज घुमत नाही. पैसे खर्च करायचेच असतील तर आधी चांगल्या मायक्रोफोनवर करा, कॅमेऱ्याचं नंतर बघता येईल. चित्र अंधुक झालं तरी सेशन चालतं, आवाज तुटला की नातंच ताणलं जातं. नेटवर्क फारच वाईट असेल तर मी सरळ फोनवर येते. नुसत्या आवाजावर समुपदेशन करणं हे काही कमी दर्जाचं काम नाही. चॅड वारा यांनी १९५३ मध्ये लंडनमध्ये सुरू केलेली समॅरिटन्स ही हेल्पलाइन टेलिफोनवरच उभी राहिली.

नजरेचं गणित मात्र अवघड आहे. क्लायंटच्या डोळ्यांत बघितलं की कॅमेऱ्यात आपली नजर खाली दिसते. कॅमेऱ्यात बघितलं की क्लायंट दिसत नाही. मी त्यांच्या चित्राची चौकट लहान करून कॅमेऱ्याच्या अगदी खाली आणून ठेवते आणि स्क्रीनपासून हातभर आणखी मागे सरकते. मागे बसल्यामुळे माझे खांदे आणि हात दिसतात, चेहरा अंगावर आल्यासारखा वाटत नाही. स्क्रीनवर आपलंच चित्र दिसणारी चौकट झाकून टाका. स्टॅनफर्डच्या जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये व्हिडिओ कॉलच्या थकव्याची चार कारणं मांडली. फार जवळून सतत रोखलेली नजर, सतत दिसणारं आपलंच रूप, हालचालीला आलेली मर्यादा आणि खाणाखुणा समजून घेण्यासाठी पडणारा जादा ताण. समुपदेशकाच्या बाबतीत ही चारही कारणं दिवसभर एकाच वेळी चालू असतात. दोन सेशनच्या मध्ये मी पंधरा मिनिटं मोकळी ठेवते आणि त्या वेळात स्क्रीनसमोरून उठतेच.

आता ज्या भागात चूक परवडत नाही त्याबद्दल. एकदा एक क्लायंट जगणं नकोसं झाल्याबद्दल बोलत असताना कॉल तुटला. माझ्याकडे त्यांचा पत्ता होता, पण ते त्या दिवशी दुसऱ्या गावी होते, आणि हे मी विचारलेलं नव्हतं. अकरा मिनिटांनी त्यांचाच फोन आला, बॅटरी संपली होती. ती अकरा मिनिटं मी विसरलेले नाही. तेव्हापासून प्रत्येक सेशनच्या सुरुवातीला, अगदी पन्नासाव्या सेशनलाही, मी विचारते: आत्ता तुम्ही कुठे आहात? खोलीत किंवा ऐकू जाईल एवढ्या अंतरावर कुणी आहे का? कॉल तुटला तर कोण, कोणत्या नंबरवर, किती मिनिटांत फोन करेल, हे आधीच ठरवलेलं असतं. आपत्कालीन संपर्काचं नाव, त्या व्यक्तीला कधी कळवायचं याची लेखी संमती आणि क्लायंट राहतात तिथल्या तातडीच्या सेवेचा नंबर, हे सगळं समोर कागदावर असतं. कॉम्प्युटर बंद पडला तरी कागद दिसतो. क्लायंट दुसऱ्या देशात असेल तर तिथे काम करायची परवानगी आपल्याला आहे का, हे पहिल्या सेशनच्या आधी तपासा.

घरात कुणी ऐकत असेल तर क्लायंट तसं सांगू शकत नाही. म्हणून आम्ही एक साधं वाक्य ठरवून ठेवतो. ते कानावर पडलं की मी फक्त ‘हो-नाही’त उत्तर देता येईल असे प्रश्न विचारते, किंवा विषय बदलते. घरात मारहाण चालू असेल, वास्तवाचं भान सुटत असेल किंवा धोका आजचाच असेल, तर ऑनलाइनचा हट्ट धरू नका. प्रत्यक्ष भेटण्याची सोय लावून देणं हेही आपलंच काम आहे.

एक गोष्ट उशिरा लक्षात आली. स्क्रीनपलीकडे लोक लवकर मोकळे होतात. मानसशास्त्रज्ञ जॉन सुलर यांनी २००४ मध्ये ऑनलाइन वावरताना माणसाचा संकोच कसा गळून पडतो यावर लिहिलं होतं. पहिल्याच सेशनमध्ये आयुष्यातलं सगळ्यांत दुखरं काही ऐकायला मिळालं की नवख्या समुपदेशकाला वाटतं, विश्वास बसला. अनेकदा तसं नसतं. पुढच्या आठवड्यात ती व्यक्ती येतच नाही, कारण कॉल संपल्यावर तिला उघडं पडल्यासारखं वाटतं. म्हणून आता मीच वेग कमी करते. “हे आज सांगितल्यावर रात्री कसं वाटेल?” असं विचारते आणि थांबायची मोकळीक देते.

सराव कसा करायचा? लेखी संमती असेल तर स्वतःच्या सेशनचं रेकॉर्डिंग बघा. आधी दहा मिनिटं चित्र बंद करून नुसतं ऐका, मग तीच दहा मिनिटं आवाज बंद करून बघा. मी किती वेळा ‘हं’ म्हणून समोरच्याचा शब्द खाते हे मला पहिल्या प्रकारात कळलं. ऑनलाइन एका वेळी बहुधा एकच आवाज पोचतो, म्हणून आता मी होकार मानेने देते, आणि तोही जरा ठळक. सहकाऱ्याबरोबर रोल-प्ले करताना त्याला मुद्दाम कॉल तोडायला सांगा, कॅमेरा बंद करायला सांगा, मध्येच कुणीतरी खोलीत आल्याचं नाटक करायला सांगा. आणि जमलं तर स्वतःची थेरपी काही काळ ऑनलाइन घ्या. समुपदेशकाची नजर बाजूच्या दुसऱ्या स्क्रीनकडे वळली की काय वाटतं, हे तिथे बसल्यावरच कळतं.

शेवटची पाच मिनिटं मी हल्ली रिकामी ठेवते. खोलीतून बाहेर पडल्यावर माणसाला परतीचा रस्ता मिळायचा, त्या रस्त्यावर बरंच काही आत मुरायचं. इथे बटण दाबलं की पुढच्या क्षणाला तो घरच्यांसमोर उभा असतो. म्हणून मी विचारते, “कॉल संपल्यावर पुढची दहा मिनिटं काय करणार?” एक गृहस्थ जिन्यात जाऊन बसतात. एक मुलगी खुर्ची फिरवून खिडकीकडे तोंड करून बसते आणि मगच दार उघडते.