‘पाणी आलंय, थांबा’ : गिल्डमध्ये नवे असाल तर या चुका टाळा

ऑनलाइन गेममध्ये आमच्या गिल्डची, म्हणजे एकत्र खेळणाऱ्यांच्या टोळीची, लढाई रंगात आली होती. बॉसचं, म्हणजे मोठ्या राक्षसाचं, रक्त सहा टक्क्यांवर आलं होतं. तीन रात्री आम्ही त्याच्यावर डोकं आपटत होतो आणि आज तो पडणार हे सगळ्यांना दिसत होतं. तेवढ्यात आमचा हीलर, सगळ्यांच्या जखमा भरणारा, जागच्या जागी पुतळा झाला. आधी टँक, म्हणजे पुढे उभा राहून मार खाणारा, मेला, मागोमाग बाकीचे. दहा मिनिटांनी हीलर परत आला आणि त्यानं चॅटमध्ये लिहिलं, ‘सॉरी, पाणी आलं होतं.’ गिल्डमधल्या फिलिपिन्सच्या पोराला कळेना, कुठल्या पाण्यातून कोण आलं.

तो हीलर मीच.

सोलापूरकराला यात समजावण्यासारखं काही नाही. नळाला रोज पाणी येत नाही. येतं त्या दिवशी मोटर लावायला आणि टाकी बघायला घरातल्या कुणालातरी उठावंच लागतं, आणि आईची हाक आली की ‘बॉस सहा टक्क्यांवर आहे’ हे कारण चालत नाही. पाणी भरायला गेलो यात चूक नव्हती. आज पाण्याची पाळी आहे हे मला दुपारपासून माहीत होतं आणि मी कुणाला बोललो नाही, ही चूक. बोललो असतो तर लीडरनं एक हीलर जास्तीचा घेतला असता, किंवा रेड, म्हणजे सगळ्यांनी मिळून बॉसवर करायची चढाई, अर्धा तास पुढे ढकलली असती.

आता मी त्याच गिल्डमध्ये ऑफिसर आहे, म्हणजे बिनपगारी सोसायटी सेक्रेटरी. नवीन पोरं घेणं, त्यांची भांडणं मिटवणं, कुणाला काढायचं ते ठरवणं हे माझ्याकडे येतं. हाताने कच्चा गडी महिन्या-दोन महिन्यांत तयार होतो. न सांगता गायब होणाऱ्याला मात्र, तो कितीही चांगला खेळो, पुढच्या वेळी कुणी सोबत नेत नाही. खालच्या बहुतेक चुका याच जातीच्या आहेत.

‘आठ वाजता’ म्हणजे कुणाचे आठ?

परदेशी गिल्डमध्ये रेडची वेळ बहुधा यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, लिहिलेली असते. आपण त्याच्या साडेपाच तास पुढे. १४:३० यूटीसी म्हणजे आपले रात्रीचे आठ, जेवायच्या आधीचे. २०:०० यूटीसी म्हणजे रात्रीचा दीड, आणि तोवर आपली तारीखही बदललेली असते. रविवारी २०:०० ची रेड ‘रविवारच आहे की’ म्हणून स्वीकारणारा मुलगा सोमवारी सकाळी कामावर डुलक्या काढतो. मग दुसऱ्या आठवड्यात न सांगता दांडी मारतो.

दुसरा घोळ मार्च आणि ऑक्टोबरमध्ये होतो. युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास पुढे जातात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतात. आपली घड्याळं हलत नाहीत. तुमचा लीडर जर्मनीत असेल आणि तो ‘माझे रात्रीचे आठ’ म्हणत असेल, तर ती वेळ आपल्याकडे हिवाळ्यात साडेबाराची आणि उन्हाळ्यात साडेअकराची. दरवर्षी मार्चच्या त्या आठवड्यात कुणीतरी तासभर उशिरा उगवतो आणि ‘मी तर वेळेवर आलोय’ म्हणून भांडतो. डिस्कॉर्ड या गिल्डच्या गप्पांच्या ॲपमध्ये वेळेचा असा शिक्का टाकता येतो जो प्रत्येकाला आपापल्या घड्याळाप्रमाणे दिसतो. लीडरला तोच वापरायला सांगा.

कॅरेक्टर आधी, गिल्ड नंतर?

उलटं करा. अल्बियन ऑनलाइन हा गेम मोबाइलवर चालतो, त्यामुळे आपल्याकडची पोरं त्यात बरीच. त्याचे अमेरिका, युरोप आणि आशिया असे वेगवेगळे सर्व्हर आहेत आणि तिन्ही जगं स्वतंत्र. दोन महिने घासून कॅरेक्टर मोठं करायचं, मग आवडलेली गिल्ड दुसऱ्याच सर्व्हरवर निघायची, हा प्रकार मी इतक्या वेळा पाहिलाय की मुलाखतीत माझा पहिला प्रश्न तोच असतो.

सर्व्हर निवडताना ‘माझ्याकडे शंभर एमबीपीएसचं नेट आहे’ याचा काही उपयोग नाही. असले गेम डेटा फार खात नाहीत. बघायचा तो पिंग, म्हणजे तुमच्या बटणाचा निरोप सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागलेला वेळ. तो अंतरावर अवलंबून असतो. सर्व्हर अमेरिकेत असेल तर सोलापुरातून पाव सेकंदाच्या आसपास तो जातोच, आणि महागातला प्लॅन घेऊन समुद्र आटत नाही. तरीही लॅग, म्हणजे गेमचं अडखळणं, अचानक वाढला तर आधी घरात शोधा. राउटर आणि तुमच्यामध्ये दोन भिंती आहेत का, बहिणीच्या फोनवर काही डाउनलोड चालू आहे का. कॉम्प्युटर असेल तर वायर लावा, निम्मं दुखणं तिथंच जातं. लाइट गेली तर राउटरपुरता छोटा यूपीएस मिळतो, तो घेऊन ठेवा.

आणि मे महिना. बाहेर पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसवर असताना पत्र्याच्या खोलीत बसून, चार्जिंगला लावलेल्या फोनवर खेळाल तर फोन स्वतःला वाचवण्यासाठी प्रोसेसर मंद करतो. पोरं म्हणतात गेम हँग झाला. कव्हर काढा, चार्जर काढा, ग्राफिक्स कमी करा. दुपारची मोठी लढाई शक्यतो टाळाच.

माइक उघडा ठेवणं

माझा एक मित्र पूर्व भागात राहतो, खालच्या मजल्यावर पॉवरलूम. त्यानं पहिल्या दिवशी माइक उघडा ठेवला आणि चाळीस जणांच्या कानात चादरीचं काम सुरू झालं, खट्याक खट्याक. पुश-टू-टॉक लावा, म्हणजे बटण दाबल्याशिवाय आवाज जाणार नाही. एवढंच.

त्याहून महत्त्वाचं, लढाई चालू असताना बोलायचा हक्क एकाचा, हुकूम देणाऱ्या कॉलरचा. त्यानं ‘होल्ड’ म्हटलं की हात बांधायचे. आमच्या त्याच मित्रानं एकदा ऐन होल्डच्या वेळी ‘मार की बे!’ अशी आरोळी ठोकली आणि आम्हा सोलापूरच्या चौघांनी भाषेच्या प्रेमापोटी उडी घेतली. चौघंही मेलो. सोलापुरात आपण एका वाक्यात मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी खपवतो, ते गप्पांच्या चॅनेलवर खुशाल खपवा. रेडच्या चॅनेलवर पुल (ओढा), स्टॅक (एकत्र या), स्प्रेड (पांगा), बॅक (मागे) एवढे चार शब्द पुरतात.

सगळ्यांनाच मारायचंय

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये पाच जणांची डंजनची टोळी म्हणजे एक टँक, एक हीलर आणि तीन डीपीएस, म्हणजे मारणारे. सेकंदाला किती मार दिला त्या आकड्यालाही डीपीएसच म्हणतात. नव्या अर्जांत मात्र दहातले नऊ जण डीपीएस असतात, कारण आकडे त्यांचेच दिसतात. मग तो आकडा वाढवायच्या नादात दोन चुका होतात.

पहिली, टँकच्या आधी हात उचलणं. राक्षस कुणाकडे धावेल हे त्याला कुणी किती डिवचलं यावर ठरतं. टँकला दोन-तीन सेकंद दिले तर तो त्याला स्वतःकडे ओढून घेतो. तेवढा धीर धरला नाही की राक्षस वळून तुमच्याकडे येतो, हीलर तुमच्यावर जीव खर्च करतो आणि तिकडे टँक मरतो. आमच्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज निघतात ते आठवा. मानाच्या सात काठ्या. काठी पेलणारा एकटा, पण सगळी मिरवणूक त्याच्या चालीनं चालते. पुढचा गडी बाजूला तयार असतो, तोल जातोय असं दिसलं तर हात द्यायला माणसं असतात, आणि त्याच्यासाठी आधी कितीतरी दिवस सराव झालेला असतो. काठीच्या पुढे धावून ‘बघा मी किती जोरात चालतो’ असं कुणी दाखवत नाही. टँकला नेमकी तेवढी शिस्त हवी असते.

दुसरी चूक म्हणजे जमिनीवर आग दिसत असताना ‘एवढा एक फटका मारतो’ म्हणून उभं राहणं. मेलेल्या माणसाचा डीपीएस शून्य. जे सतत मरतात त्यांना मी एकच उपाय सांगतो : एक आठवडा आकड्यांचा मीटर बंद ठेवा आणि फक्त स्वतःचे पाय बघा.

आपली जोड, म्हणजे अंगावरची शस्त्रं-चिलखत, कुठली, बॉस काय करतो, हे रेडच्या आधी वाचून या. रेड चालू असताना ‘आता काय करायचं?’ विचारणाऱ्याला माणसं एकदा सांगतात, दोनदा सांगतात.

लूट : नियम आधी विचारा

गिल्ड फुटतात त्या बॉसमुळे क्वचित, लुटीमुळे हमखास. वाटपाच्या पद्धती अनेक. कुठं शंभरपर्यंतचा रोल, म्हणजे फासा, टाकतात, ज्याचा आकडा मोठा त्याची वस्तू. कुठं ऑफिसरांची समिती ठरवते. कुठं डीकेपी, म्हणजे हजेरीचे आणि मारलेल्या बॉसचे गुण साठवायचे आणि ते खर्चून वस्तू घ्यायची. ही पद्धत १९९९ साली आलेल्या एव्हरक्वेस्ट या गेममधल्या गिल्डनी काढली. चाळीस-पन्नास माणसं आणि वस्तू दोन, म्हटल्यावर कुणीतरी हिशेब मांडणारच.

कुठली पद्धत चांगली यावर मी वाद घालत नाही (समितीची वाईट, कारण मी समितीत आहे). नव्या माणसानं फक्त पहिल्या रेडच्या आधी विचारायचं. ‘पुढे कधी लागेल’ म्हणून गरजेचं बटण दाबलं आणि मुख्य टँकची ढाल तुमच्या पिशवीत आली, तर तुम्ही काहीही म्हणा, लोक लक्षात ठेवतात. चुकून झालंच तर लगेच बोला. वॉरक्राफ्टमध्ये रेडमध्ये मिळालेली वस्तू साधारण दोन तासांपर्यंत त्याच लढाईतल्या पात्र खेळाडूला देता येते. बहुतेक जण इथं गप्प बसतात आणि वेळ निघून जाते.

अल्बियनमध्ये प्रश्न उलटा. तिथं लाल आणि काळ्या भागात मेलात की अंगावरचं सगळं जातं. काही मोडतं, उरलेलं मारणारा नेतो. नवीन पोरं सगळ्यात महागडी जोड घालून काळ्या भागात फिरायला जातात आणि मग रात्री मला मेसेज करतात. गिल्डच्या लढाईत मेलात तर बऱ्याच गिल्ड जोड भरून देतात, पण ठरवून दिलेलीच जोड घातली असेल आणि मृत्यूचा स्क्रीनशॉट वेळेत टाकला असेल तर. एकट्यानं हिंडताना गेलं ते गेलं.

बँक म्हणजे भिशी

गिल्ड बँकेतून औषधी, कच्चा माल, सोनं काढता येतं, आणि कुणी काय काढलं याची नोंद बहुतेक गेममध्ये राहते. ‘परत ठेवणारच होतो’ हे वाक्य मी खूप ऐकलंय. भिशीतले पैसे उचलताना आपण आधी बोलतो. इथंही एक ओळ लिहून काढा.

लीडर असाल तर चूक वेगळी होते : मित्र आहे म्हणून सगळे अधिकार देऊन टाकणं. ईव्ह ऑनलाइन हा अंतराळातला गेम, आपल्या तलवारी-जादूचा नव्हे, पण २००९ साली तिथं जे घडलं ते प्रत्येक लीडरनं वाचावं. बँड ऑफ ब्रदर्स ही तिथली बलाढ्य युती. तिच्यातल्या अधिकार असलेल्या एका माणसानं शत्रूशी हातमिळवणी केली आणि आतूनच युती विसर्जित करून टाकली. कुणी पासवर्ड चोरला नाही. बटण त्याच्या हातात होतं, त्यानं दाबलं. वॉरक्राफ्टमध्ये बँकेच्या प्रत्येक कप्प्याला पदानुसार रोजची मर्यादा घालता येते. ती घाला, जिवलग मित्रालाही. राग आलाच तर त्याला चहा पाजा.

‘माझं अकाउंट तू चालव’

नाही. बहुतेक कंपन्यांच्या नियमात हे बसत नाही आणि बॅन झाल्यावर भांडायला जागा राहत नाही. स्वस्तात सोनं विकणाऱ्याला यूपीआय करणं हेही त्यातलंच. दोन टप्प्यांचं लॉगिन चालू करा. डिस्कॉर्डवर ‘भावा, मी चुकून तुझी तक्रार केली, आता या साहेबांशी बोल’ असा मेसेज ओळखीच्या नावानं आला तर समजा की त्या मित्राचं खातं आधीच गेलंय. त्याला फोन करून विचारा. आमच्यातल्या एकानं नाही विचारलं, आणि दुसऱ्या दिवशी तोच मेसेज त्याच्या नावानं आम्हा सगळ्यांना आला.

गैरहजेरी आणि निघून जाणं

संक्रांतीच्या आसपास, अक्षता सोहळा आणि गड्डा असतो तेव्हा आम्ही सोलापूरचे सगळे एकदम गायब होतो. आता डिसेंबरातच कॅलेंडरवर लिहून ठेवतो. परीक्षा, लग्नसराई, गावी जाणं, सगळं लिहा. कारण नाही दिलं तरी चालतं, तारीख द्या.

गिल्ड सोडायची असेल तर रेड हरल्याच्या रात्री सोडू नका. झोपा, सकाळी ठरवा. ठरलं तर ऑफिसरला दोन ओळी लिहा, घेतलेला माल बँकेत ठेवा, ज्याला शब्द दिला असेल त्याला सांगा. माझ्याकडे परत आलेल्यांचे अर्जही येतात. मागच्या महिन्यात असाच एक आला, दीड वर्षानं, आमच्याच भागातला. सोडताना त्यानं चाळीस औषधी परत ठेवून ‘बारावी आहे, जातो’ एवढं लिहिलं होतं. त्याची मुलाखत मी घेतलीच नाही, सरळ रविवारच्या रेडमध्ये नाव टाकलं आणि विचारलं, तुमच्याकडे पाणी कधी येतं?