ब्रेकची नळी सोडण्यापूर्वी

ब्रेकच्या नळीच्या नटाला पाना लावण्याआधी तिचे तोंड बंद करणारी रबरी बुचे हाताशी असली पाहिजेत. गेल्या वेळी तीच राहिली होती, म्हणून ती सर्वांत आधी. ब्लीडिंग निपलवरच्या, म्हणजे ब्रेकमधली हवा काढायच्या छोट्या तोंडावरच्या, जुन्या टोप्या बूच म्हणून धातूच्या नळीच्या तोंडावर बसतात. त्या स्वच्छ धुऊन, पूर्ण वाळवून, हत्यारांच्या पेटीत नव्हे तर खिशात ठेवाव्यात, कारण नळी सुटल्यावर गाडीखालून बाहेर येऊन शोधाशोध करायला वेळ मिळत नाही. तेवढ्यात ब्रेक ऑइलची टाकी रिकामी होते, हवा मास्टर सिलिंडरपर्यंत (पेडल दाबल्यावर ऑइलला दाब देणारा भाग) आणि तिथून एबीएसच्या, म्हणजे चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या, युनिटमध्ये शिरते, आणि मग पुष्कळ गाड्यांत ती स्कॅनर जोडल्याशिवाय पुरती निघत नाही. दहा रुपयांची वस्तू नसल्यामुळे गाडी टो करून न्यावी लागते.

सपाट जागा, चाकांना ठोकळे, जॅक स्टँड, चष्मा, हातमोजे. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाऊ नये, याहून अधिक सांगण्याची गरज नसावी.

पाना मात्र योग्यच हवा. हे नट बहुधा दहा किंवा अकरा मिलिमीटरचे असतात आणि साध्या फिक्स पान्याने त्यांचे कोपरे झिजतात, त्यामुळे नळीवरून सरकवता येईल अशी खाच असलेला फ्लेअर नट पाना कोल्हापूरच्या उद्यमनगरातून आधीच आणून ठेवावा. गगनबावडा, राधानगरी या पट्ट्यात पावसाळाभर चालणाऱ्या गाडीच्या मागच्या ॲक्सलजवळ चिखल साचून जोड गंजतात, तेव्हा ते तारेच्या ब्रशने साफ करून आदल्या रात्रीच गंज सोडवणारे तेल लावावे. नटाबरोबर नळीही पिळत असेल तर तिथेच थांबावे. पिळलेली नळी वरून धड दिसली तरी ती बदलावीच लागते.

ब्रेक ऑइल टाकीच्या झाकणावर लिहिलेल्या प्रतीचेच आणि सीलबंद बाटलीतलेच घ्यावे. ते हवेतला ओलावा शोषते, आणि डॉट ४ या प्रतीच्या ऑइलचा किमान उत्कलनबिंदू कोरडे असताना २३० अंश सेल्सिअस, तर ओलावा मुरल्यावर १५५ अंश धरला जातो. करूळ घाट उतरताना सतत तापणाऱ्या ब्रेकमध्ये याच फरकामुळे वाफ होते आणि पेडल खाली जाते. गेल्या वर्षीची अर्धी उघडी बाटली वापरू नये, आणि कोल्हापूरच्या जुलैत तर मुळीच नाही. सिस्टिमच्या आत पेट्रोल, डिझेल किंवा इंजिन ऑइलचा थेंबही जाऊ देऊ नये, कारण त्याने रबरी सील फुगतात. हेच ब्रेक ऑइल गाडीचा रंग खाते, म्हणून पाण्याची बादली जवळ असावी.

आता पुन्हा बुचे. साधे मास्टर सिलिंडर असेल तर पेडल इंचभर दाबून सीटच्या आधाराने काठी लावावी, म्हणजे टाकीतून येणारा प्रवाह आतच अडतो. ब्रेकचे दिवे पेटून राहतात, त्यामुळे बॅटरी सोडून ठेवावी. मग निपल किंचित उघडून दाब भांड्यात सोडावा, त्यानंतरच नट. काठी लावली म्हणून बूच टाळू नये: काठी ऑइल अडवते, नळीत शिरणारी धूळ आणि दमट हवा अडवत नाही. दोन्ही सुटी तोंडे बंद करावीत, एक नव्हे.

कॅलिपर, म्हणजे चाकाजवळ ब्रेक पॅड दाबणारा भाग, होज पाइपवर लोंबकळत ठेवू नये, तारेने बांधावा. होज पाइप कॅलिपरला जोडणाऱ्या पोकळ बँजो बोल्टचे तांब्याचे दोन्ही वॉशर नवे घालावेत.

जोडताना नट आधी बोटांनी फिरवावा. ब्लीडिंगचा, म्हणजे हवा काढण्याचा, क्रम मॅन्युअलमधून घ्यावा, टाकी किमान खुणेखाली जाऊ देऊ नये, आणि निपल बंद होईपर्यंत मदतनिसाने पाय उचलू नये. मग इंजिन चालू करून पेडल मिनिटभर जोराने दाबून धरावे. पेडल घट्ट लागत नसेल तर गाडी हलवू नये. पहिली फेरी गल्लीतच, सावकाश. रंकाळ्याच्या गर्दीत नाही. परत आल्यावर प्रत्येक जोड कोरड्या कागदाने पुसून पाहावा, आणि कागद ओला निघाला तर गाडी तिथेच उभी ठेवून मेकॅनिकला बोलवावे.