मोपेडवरून कोकण किनारा: निघण्याआधीची यादी, पहिला नंबर स्पोकचा

सगळ्यात आधी स्पोक, म्हणजे चाकाच्या तारा. बाकीचं खाली लिहिलंय, पण एवढंच वाचून कुणी थांबलं तरी चालेल. मागच्या चाकाचे स्पोक आवळून आणि चाकाचा आउट, म्हणजे रिमची डगमग, काढून घेतल्याशिवाय सामान लादून खराब रस्त्याला लागायचं नाही. मागच्या खेपेला मी ऑइल, ब्रेक, चेन, लाईट सगळं करून घेतलं आणि चाकांचं म्हणून फक्त हवा बघितली. वेशवीला फेरीबोटीतून उतरून केळशीकडे निघाले तर मागून खडखड यायला लागली, वाटलं सामान हलतंय, दोरी परत आवळली आणि तशीच पुढे दामटली. तोपर्यंत तीन-चार स्पोक गेले होते, त्यातल्या एकाने ट्यूब फाडली, मग टेम्पो शोधा, गाडी दापोलीला न्या, ट्रिप तिथेच संपली. म्हणून ही यादी, ज्यांना गाडी नुकतीच चालवता यायला लागलीये आणि ज्यांना ताम्हिणी घाट उतरून, माणगाव, म्हसळा, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, बागमांडल्याहून बोटीने वेशवी, मग आंजर्ले, दापोली, दाभोळ, गुहागर करत रत्नागिरी गाठायचीये त्यांच्यासाठी.

स्पोक का, ते नीट समजून घ्या, म्हणजे आळस होणार नाही. स्पोकचं चाक ताणावर उभं असतं. सगळे स्पोक सारखे ताणलेले असतील तर खड्ड्याचा दणका सगळ्यांत वाटला जातो. एक ढिला पडला की त्याचं ओझं शेजारच्यांवर जातं, ते दर खड्ड्याला ताण-ढील ताण-ढील होत राहतात आणि चाकाच्या मधल्या हबजवळच्या वाकात तुटतात, आणि एक तुटला की पुढचे लवकर जातात. मोपेडचं चाक बारीक, सामान सगळं मागे, तुम्हीही जवळजवळ मागच्या चाकावरच बसलेले, त्यामुळे तुटणार ते मागचेच. गाडी नवीन आहे म्हणून सुटका नाही, नवीन चाकाचे स्पोक तर सुरुवातीला बसताना ढिले पडतातच.

तपासायला काही लागत नाही. मेन स्टँडवर लावा, चाक हळूहळू फिरवा आणि छोट्या पान्याने एकेका स्पोकवर हलकं मारत जा. ताणलेला टिंग वाजतो, ढिला ठप्प करतो, एकदा ऐकलं की विसरत नाही. मग रिमच्या जवळ एक पेन्सिल धरा आणि चाक जोरात फिरवा, रिम पेन्सिलीकडे येते-जाते का बघा, तोच आउट. ढिले सापडले तर स्वतः पाना घेऊन पिळत बसू नका, एका बाजूचे जास्त आवळले की रिम तिकडे ओढली जाते. चाकाचं काम करणाऱ्या जुन्या सायकलवाल्याकडे किंवा मेकॅनिककडे द्या आणि तोंडाने सांगा, "मागच्या चाकाचे स्पोक चेक करून आउट काढा." सांगितलं नाही तर होत नाही. सर्व्हिसिंगच्या बिलात ते आहे असं धरून चालू नका. टायर काढलाच तर आतली रिमची रबरी पट्टी कुजलीये का तेही बघायला सांगा, ती गेली की निपलची, म्हणजे रिममधल्या स्पोक आवळायच्या छोट्या नटांची, टोकं थेट ट्यूबला लागतात.

आणि हे काम निघायच्या आदल्या दिवशी नको. किमान आठवडाभर आधी करा, मग सगळं सामान लादून एखाद्या खराब रस्त्यावर चाळीस-पन्नास किलोमीटर फिरून या, आणि परत टिंग-टिंग करा. आवळलेले स्पोक एकदा बसतात आणि थोडे ढिलावतात, ही दुसरी तपासणी सोडली तर पहिलीचा अर्धा उपयोग गेला.

ह्याच चक्करमध्ये तुमचीही तयारी होते. रिकामी गाडी चालवता येणं वेगळं आणि मागे पंधरा किलो लादून चालवणं वेगळं, हँडल हलकं लागतं, ब्रेक उशिरा लागतो. खड्डा दिसला की ब्रेक आधी मारायचा आणि खड्ड्यात चाक जाताना सोडायचा, दाबूनच आत घातलं तर पुढचा सस्पेन्शन आधीच बसलेला असतो आणि दणका हाताला येतो. मोकळ्या खडीवर वळताना पुढचा ब्रेक अजिबात नाही. कोकणातल्या एकेरी रस्त्यावर समोरून एसटी आली की तुम्हालाच खाली उतरायचंय, तेव्हा साईडपट्टी किती खचलीये ते आधी बघा, वेग अगदी कमी करा आणि सरळ उतरा, तिरकं नाही. वर चढताना घाई केली की चाक कडेला घासून गाडी आडवी होते, नवीन माणूस इथेच पडतो.

घाट उतरताना एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. मोपेडला सेंट्रिफ्युगल क्लच असतो, वेग फार कमी झाला की तो सुटतो आणि गाडी मोकळी धावते, म्हणजे इंजिनाचा आधार संपला आणि सगळा भार ड्रम ब्रेकवर. सारखा धरून ठेवलेला ड्रम तापतो आणि धरेनासा होतो. ताम्हिणीच्या उतारावर दोन्ही ब्रेक थोडे दाबा, सोडा, परत दाबा, आणि वास यायला लागला तर बाजूला थांबा. पाणी ओतू नका.

सामान बांधताना जड वस्तू पायापाशी पुढे, हलक्या मागे. मोपेडला पुढे मोकळी जागा आहे ती ह्याचसाठी, आणि मागचं ओझं कमी म्हणजे स्पोकवरचं ओझं कमी, हेही लक्षात ठेवा. हुकवाली रबरी दोरी एकटी पुरत नाही, जुन्या ट्यूबच्या लांब पट्ट्या कापून घ्या, त्या घट्ट बसतात आणि घसरत नाहीत. लोंबणारं टोक चेनमध्ये जाणार नाही असं खोचा.

टूलमध्ये दोन्ही चाकांचे एक्सल नट उघडतील असे पाने, आपल्या साइजची ट्यूब, टायर लिव्हर, हातपंप. स्पोकच्या चाकात ट्यूब असते, ट्यूबलेसचं पंक्चर किट घेऊन काहीही उपयोग नाही. प्लग, थोडी तार, चिकटपट्टी. आणि स्पोक! आपल्याच गाडीचे पुढचे-मागचे चार-चार, निपलसकट, सीटखाली चिकटवून ठेवा, पुढचा मागच्याला बसेलच असं नाही आणि छोट्या गावात दुकानवाल्याकडे नेमका तुमचा असेलच असंही नाही. रस्त्यात एखादा तुटलाच तर तो शेजारच्याला तारेने बांधा, म्हणजे चेनमध्ये किंवा ट्यूबमध्ये जाणार नाही, मागचं सामान पुढे घ्या आणि सायकलच्या वेगाने पहिल्या दुकानापर्यंत जा. खडखड ऐकू आली की तिथेच थांबा, पुढच्या गावात बघू असं करू नका.

पेट्रोलची टाकी ४ लिटरच्या आसपास असते आणि लोडवर, चढावर अ‍ॅव्हरेज पडतं, त्यामुळे पंप दिसला की भरा, काटा बघत बसू नका. हेल्मेट फुल फेस आणि आयएसआयवालं, हातमोजे, बूट. लायसन्स, इन्शुरन्स, पीयूसी फोनमध्ये. मॅप ऑफलाइन उतरवून घ्या, आणि मॅपने गावातून आत वळायला सांगितलं तर आधी माणसाला विचारा, पावसाने वाहून गेलेला रस्ताही त्यात छान दिसतो. पावसाळ्यात हा प्रवास नवीन माणसाने करू नये, नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरा.

फेरीबोट: बागमांडला-वेशवी, दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड अशा तीन लागतील. शेवटची बोट किती वाजता ते त्याच दिवशी फोन करून विचारा, दाभोळची चुकली तर चिपळूणवरून भलामोठा वळसा आहे. जेट्टीचा उतार ओला आणि शेवाळलेला असतो, मोठ्या गाड्या जाऊ द्या, मग सरळ रेषेत, पुढचा ब्रेक न लावता, पाय खाली सोडून उतरा. बोटीवर गाडीला धरून उभे राहा.

गाडी पुळणीवर नेऊ नका. लोक नेतात, फोटो काढतात, पण खारं पाणी चेनला आणि स्पोकच्या निपलला लागतं, निपल गंजून जॅम झाला की पुढच्या वेळी आवळताना फिरतच नाही, स्पोकच तुटतो. चुकून गेलीच तर त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने धुवा आणि चेनला ऑइल द्या.

रोज मुक्कामाला पोचलात की दहा मिनिटं: टिंग-टिंग, हवा, चेनची ढील, नटबोल्ट. दमलेले असाल तर बाकीचं सकाळी करा, टिंग-टिंग मात्र पोचल्या पोचल्याच. अंधार पडायच्या आत पोचा, मोपेडचा हेडलाइट खड्ड्याला पुरत नाही आणि गुरं रस्त्यावर बसतात. दिवसाला शंभर किलोमीटरच्या वर प्लॅन करू नका, दोन बोटी असतील तर त्याहून कमी. पाणी, ओआरएस, बँडेज. सुटे पैसे. घरी रोज एक फोन. परत आल्यावर ऑइल बदला आणि ब्रेक शू उघडून बघायला सांगा.