मुथुलक्ष्मी रेड्डी वर्गात कशा सांगाव्यात

८ मार्चच्या महिला दिनाची वाट बघू नका. बीड जिल्ह्यात, केज तालुक्यातल्या आमच्या शाळेत तेव्हा कितीतरी बाक रिकामे असतात. ज्या पोरींनी हे ऐकायलाच हवं, त्या आईबापासोबत उसाच्या फडात असतात. ३० जुलै धरा. १८८६ साली याच दिवशी मुथुलक्ष्मींचा जन्म झाला, आणि दसऱ्याआधी पोरी गावातच असतात.

‘ब्रिटिश हिंदुस्थानातल्या पहिल्या महिला आमदार’ इथून सुरुवात केली की पोरी ते वहीत उतरवतात आणि विसरतात. पुदुकोट्टईपासून, म्हणजे आजच्या तमिळनाडूतल्या त्यांच्या संस्थानापासून सुरू करा. आई चंद्रम्माळ देवदासी समाजातल्या, वडील प्राचार्य. तिथल्या महाराजा कॉलेजात मुलगी घ्यायला विरोध झाला, राजानं परवानगी दिली तेव्हा प्रवेश मिळाला. इथं थांबा. गावात पुढची शाळा नाही म्हणून घरात कुणाकुणाचं शिक्षण सुटलं, ते पोरींनाच बोलू द्या. तास लांबला तरी लांबू द्या.

पुढचं भराभर सांगा. १९१२ साली मद्रास मेडिकल कॉलेजातून डॉक्टर, १९१४ साली लग्न, तेही बरोबरीनं वागवायचं कबूल करून घेऊन. ही अट वर्गातल्या पोरांनाही ऐकवा.

१९२७ साली त्या मद्रास विधान परिषदेत गेल्या, पण नियुक्त होऊन, निवडून येऊन नव्हे. हे लपवू नका. सभागृहानं त्यांना उपाध्यक्ष केलं. मग विचारा, खुर्ची मिळाल्यावर बाईनं काय केलं? मुली देवाला सोडण्याच्या प्रथेविरुद्ध त्या उभ्या राहिल्या. देवळाच्या चाकरीशी बांधलेल्या इनाम जमिनी १९२९ च्या कायद्यानं देवदासींसाठी मोकळ्या झाल्या. इनाम म्हणजे काय, हे आपल्याकडच्या पोरींना समजावावं लागत नाही, मुरळी आणि जोगतीणही त्यांनी पाहिलेल्या असतात. गांधीजींच्या अटकेचा निषेध म्हणून १९३० साली त्यांनी राजीनामा दिला. मुली देवाला वाहण्यावर बंदी आणणारा मद्रासचा कायदा १९४७ साली झाला.

नकाशा मात्र हवाच. मुलीच्या लग्नाचं वय १४ करणाऱ्या १९२९ च्या शारदा कायद्यासाठी मुथुलक्ष्मी झटल्या, पण तो ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता. बीड निजामाच्या राज्यात. आपल्या पणज्यांना तो लागूच नव्हता. आज वय १८ आहे आणि कायदा आपल्यालाही लागू आहे, तरी ऊसतोडीच्या मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, कोयत्याला, म्हणजे नवराबायकोच्या जोडीला मिळते, म्हणून लग्नं उरकली जातात. हे सांगताना आईबापांना नावं ठेवू नका, ते समोरच्याच पोरींचे आहेत.

मुथुलक्ष्मींची धाकटी बहीण कॅन्सरनं गेली आणि १९५४ साली त्यांनी मद्रासच्या अड्यारला कॅन्सरचं रुग्णालय उभं केलं. हा भाग मला फार जवळचा आहे. तासात बसत नाही, म्हणून मी दुसऱ्या दिवशी परिपाठात घेते.

फळ्याच्या कोपऱ्यात १०९८, म्हणजे मुलांच्या मदतीचा फोन नंबर लिहा आणि वर्षभर पुसू देऊ नका. ग्रामसेवक, म्हणजे आताचा ग्रामपंचायत अधिकारी, हाच गावातला बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो. त्याला त्याच तासाला बोलवा, म्हणजे तक्रार कुणाकडं करायची तो माणूस पोरींनी ओळखून ठेवलेला असेल.