तोंडाच्या कर्करोगात प्रतिदीप्ती तपासणीचा वापर कसा करावा

प्रतिदीप्ती म्हणजे एका रंगाचा प्रकाश शोषून दुसऱ्या रंगाचा उजेड देण्याचा गुण; या तपासणीत निळ्या दिव्याखाली तोंडातून येणारा असा उजेड पाहतात. निळा दिवा लावण्यापूर्वी नेहमीच्या पांढऱ्या प्रकाशात ओठ, गालांची आतली बाजू, हिरड्या, टाळू, जिभेच्या कडा आणि जिभेखालचा भाग नीट पाहावा, तसेच मान चाचपून पाहावी. पांढरा किंवा लाल चट्टा आढळल्यास त्याची जागा व आकार नोंदवून छायाचित्र घ्यावे.

त्यानंतर खोलीतील दिवे मंद करून साधारण ४०० ते ४६० नॅनोमीटर तरंगलांबीचा निळा प्रकाश तोंडात टाकावा आणि उपकरणाच्या फिल्टरमधून निरीक्षण करावे. निरोगी श्लेष्मल त्वचेतील (तोंडाच्या आतल्या ओलसर अस्तरातील) कोलॅजेन हे तंतुमय प्रथिन व पेशींमधील काही द्रव्ये हा प्रकाश शोषून हिरवट उजेड देतात; पेशींमध्ये कर्करोगपूर्व बदल होऊ लागले की खालच्या थरातील कोलॅजेनची रचना मोडते, रक्तवाहिन्या वाढतात आणि तेवढा भाग काळपट दिसतो.

खरी अडचण येथूनच सुरू होते, कारण रक्तातील हिमोग्लोबिनही निळा प्रकाश शोषून घेत असल्यामुळे साधा दाह, दाताने झालेली जखम किंवा लायकेन प्लॅनस हा श्लेष्मल त्वचेचा दाहक विकारदेखील काळपट दिसू शकतो. अशा जागी हलकेच दाब द्यावा. रक्त बाजूला सरून हिरवा रंग परतला, तर दाहाची शक्यता अधिक असते. दाताची टोचणारी कड घासून दोन आठवड्यांनी पुन्हा तपासावे आणि बदल कायम असल्यास बायोप्सी करावी, म्हणजे ऊतीचा लहान तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासावा. उलट, जाड पांढरा चट्टा उजळ दिसला म्हणून तो निर्धोक समजू नये. जिभेच्या पृष्ठभागावरील नारिंगी-लाल छटा बहुधा जिवाणूंच्या पॉर्फिरिन या रंगद्रव्याची असते. निदान मात्र बायोप्सीनेच ठरते.

शस्त्रक्रियेत हीच पद्धत गाठीची सीमा आखण्यासाठी वापरली जाते, कारण काळपट भाग डोळ्यांना दिसणाऱ्या गाठीच्या बराच बाहेर पसरलेला असू शकतो. तर्क पटण्याजोगा असला, तरी २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅनडातील यादृच्छिक चाचणीत (जिथे कोणत्या रुग्णाला कोणती पद्धत हे योगायोगाने ठरते) अशा आखणीमुळे त्याच जागी कर्करोग उलटण्याचे प्रमाण कमी झाल्याचे दिसले नाही. म्हणून केवळ या सीमेवर विसंबून छेद ठरवणे माझ्या मते योग्य नाही. मानेतील प्रहरी लसिकाग्रंथी, म्हणजे कर्करोग पसरताना सर्वप्रथम जिथे पोहोचण्याची शक्यता असते त्या ग्रंथी, शोधण्यासाठी मात्र इंडोसायनीन ग्रीन हे प्रतिदीप्त द्रव्य गाठीभोवती टोचून अवरक्त कॅमेऱ्याने त्याचा माग काढता येतो. काढलेल्या ऊतीच्या कडांवर दिशादर्शक टाके घालूनच ती विकृतिशास्त्र प्रयोगशाळेकडे पाठवावी.