मॉडेल कारचे छत खाली आणताना
अभिजात मोटारीच्या १:२५ प्रमाणातील प्लॅस्टिक मॉडेलचे छत खाली आणायचे असेल, तर करवत हाती घेण्याआधी छत पेलणाऱ्या, खिडक्यांच्या कडेच्या सर्व खांबांवर एकाच रुंदीची मास्किंग टेप चिकटवून तिच्या दोन्ही कडांना रेघा आखाव्यात, कारण येथे कापलेले ४ मिलिमीटर म्हणजे खऱ्या गाडीवरचे १०० मिलिमीटर होत. पुढचे व मागचे खांब तिरपे असल्याने दोन रेघांमधला तुकडा कापून काढल्यावर छत लांबीला अपुरे पडते आणि खांबांची टोके एकमेकांवर बसत नाहीत. अशा वेळी खांब जबरदस्तीने वाकवण्यापेक्षा छत मध्यावर आडवे कापून फटीत स्टायरीन या प्लॅस्टिकची पट्टी बसवणे मला कितीतरी सुरक्षित वाटते. सांध्यांत भरलेली पुट्टी पूर्ण वाळल्यावरच घासावी. अन्यथा ती नंतर आकसते आणि रंगाखालून सांध्याची रेघ उमटते.